गाद्या मोजणारा प्राध्यापक

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. गडावर जाणाऱ्या रोपवेचे खालचे स्थानक याच वाडीत. बाळाच्या ओढीने रात्री कडा उतरून गेलेल्या हिरकणीची गोष्ट ऐकत पर्यटक पाळण्यात बसतो आणि थोड्याच वेळात वर राजसभेत उभा राहतो. तिथे वाटाड्या एक ठरलेला प्रयोग करून दाखवतो. एकाला नगारखान्याच्या दाराशी उभे करायचे, बाकीच्यांनी सिंहासनाच्या जागेजवळ थांबायचे. दाराशी हलक्या आवाजात बोलले, नुसता कागद फाडला, तरी इकडे ऐकू येते, असे तो सांगतो आणि मंडळी कान देऊन उभी राहतात. राजसभा २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद आहे. आज तिच्यावर छप्पर नाही.

आता त्याच डोंगराखाली, वाडीत, महाडला किंवा पोलादपूरला नव्याने बांधलेल्या एखाद्या स्लॅबच्या घरात शिरावे. पंधरा फुटांचा हॉल, गुळगुळीत प्लास्टर, चकचकीत फरशी, काचेच्या सरकत्या खिडक्या. गणपतीला आलेल्या चाकरमान्याने मुंबईहून चांगले स्पीकर आणलेले असतात. भजन लागते, आवाज मोठा असतो, पण शब्द कळत नाहीत. मृदंगाची एक थाप दुसऱ्या थापेत मिसळते. आजोबा पुन्हा पुन्हा ‘काय म्हणाला?’ असे विचारतात. मोठ्या उघड्या सभेत शब्द स्पष्ट राहतो आणि छोट्या बंद खोलीत तो विरघळतो, ही गोष्ट वरवर पाहता उलटी वाटते. तिचा उलगडा ज्यांनी आकड्यांत केला, ते होते वॉलेस क्लेमेंट सेबाइन. आज घरातल्या संगीत ऐकण्याच्या खोलीसाठी जी नक्षीदार अकूस्टिक पॅनेल विकली जातात, त्यांच्या माहितीपत्रकावरच्या शोषणाच्या आकड्यांचे मूळ या एका माणसाच्या रात्रींच्या जागरणात आहे.

सेबाइन यांचा जन्म १३ जून १८६८ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, रिचवूड या लहान गावी झाला. वयाच्या अठराव्या वर्षी, १८८६ मध्ये, ते ओहायो स्टेट विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढे हार्वर्डला जाऊन १८८८ मध्ये त्यांनी एम. ए. केले आणि तिथेच भौतिकशास्त्र शिकवू लागले. पीएच.डी. त्यांनी कधीच केली नाही. विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत अचूक मोजमाप कसे करावे हे शिकवण्यात त्यांचा जीव रमे. १८९३ मध्ये त्यांनी त्यावर एक पाठ्यपुस्तिकाही काढली. संशोधक म्हणून नाव नव्हते. ध्वनी हा तर त्यांचा विषयच नव्हता.

१८९५ मध्ये हार्वर्डमध्ये फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. रिचर्ड मॉरिस हंट या नामांकित वास्तुकाराचे ते काम. दिसायला देखणे, पण तिथल्या व्याख्यानाच्या दालनात व्याख्यान देणेच अशक्य झाले. प्राध्यापकाने उच्चारलेला एक शब्द रिकाम्या दालनात साडेपाच सेकंद घुमत राही. साध्या बोलण्यात तेवढ्या वेळात पंधरा-वीस शब्द तरी होतात. म्हणजे श्रोत्याच्या कानावर एकाच वेळी पंधरा-वीस शब्दांचा काला पडत असे. कुलप्रमुख चार्ल्स एलियट यांनी हे दुरुस्त करण्याचे काम २७ वर्षांच्या सेबाइन यांच्यावर सोपवले. हे काही प्रतिष्ठा मिळवून देणारे काम नव्हते. त्या काळी सभागृहाचा आवाज चांगला लागणे हा निव्वळ नशिबाचा भाग मानला जाई. भिंतींवर तारा ताणून घुमणे थांबते, अशीही एक समजूत होती आणि लोक खरोखर तारा ताणत असत. त्याचा उपयोग काडीइतकाही होत नाही.

शाळेच्या पुस्तकात या घुमण्याला निनाद म्हटले आहे. तो प्रतिध्वनीहून वेगळा. डोंगरकड्यासमोर हाक मारली की थोड्या वेळाने ती स्वतंत्रपणे परत येते, तो प्रतिध्वनी. बंद खोलीत मात्र आवाज एका सेकंदात भिंती, छत, जमीन यांवर अनेकदा आपटतो, परत आलेले असंख्य आवाज एकमेकांत मिसळतात आणि मूळ आवाज थांबल्यावरही त्यांची शेपटी रेंगाळते, तो निनाद. कठीण, गुळगुळीत पृष्ठभाग आलेला आवाज जवळजवळ पूर्ण परतवतो. मऊ, सच्छिद्र पृष्ठभागात हवेची कंपने शिरतात, बारीक धाग्यांच्या जाळ्यात घासली जातात आणि त्यांची थोडीशी उष्णता होते. आवाज संपतो तो असा. विजापूरचा गोलघुमट घुमतो, कारण त्याच्या आत आवाजाला संपायला जागाच नाही.

एवढे तत्त्व सेबाइन यांच्या आधीही ठाऊक होते. कोणालाच माहीत नव्हते ते हे की किती मऊपणा असला तर किती घुमणे कमी होते. सेबाइन यांनी ठरवले की मोजायचे. पण कशाने? आवाजाची तीव्रता मोजणारा मायक्रोफोन त्यांच्यापाशी नव्हता. त्यांनी हवेच्या दाबावर वाजणारी ऑर्गनची एक नळी घेतली, सेकंदाला ५१२ कंपनांची. वेळ नोंदवणारे विजेचे यंत्र जोडले. उरलेले उपकरण म्हणजे स्वतःचा कान. नळी बंद करायची आणि आवाज ऐकू येईनासा होताच कळ दाबायची. हे ऐकायला ढोबळ वाटते, पण सरावलेल्या कानाने तीच मोजणी पुन्हा पुन्हा केली की फरक सेकंदाच्या शंभराव्या भागांत येऊ लागला.

दिवसा हे शक्य नव्हते. बाहेर ट्राम धावत, रस्त्यावर वर्दळ असे. म्हणून काम मध्यरात्रीनंतर सुरू होई आणि पहाटेपूर्वी संपवावे लागे. विद्यापीठातच सँडर्स थिएटर नावाचे दुसरे सभागृह होते, तिथला आवाज चांगला म्हणून नावाजलेला, आणि तिथल्या बाकांवर गाद्या होत्या. सेबाइन आणि त्यांचे दोन मदतनीस रात्री त्या गाद्या उचलून फॉगच्या दालनात आणत, मीटरच्या हिशेबाने पसरत, मोजत, आणखी आणत, पुन्हा मोजत. सकाळच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर. रात्रीमागून रात्री हेच चालले.

आकडे असे आले. रिकाम्या दालनात निनाद ५.६१ सेकंद. आठ मीटर लांबीच्या गाद्या ठेवल्यावर ५.३३. १४५ मीटर झाल्यावर २.८५, म्हणजे निम्मा. पुढे २४२ मीटरपर्यंत गेले तरी २.२२ च. शेवटी सँडर्समधल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या, ४३६ मीटर गाद्या आणल्या. बाकांवर, वाटांवर, व्यासपीठावर पसरल्या, मागच्या भिंतीला छतापर्यंत लावल्या. तेव्हा निनाद १.१४ सेकंदांवर आला. पहिल्या गाद्या भराभर काम करतात, नंतरच्यांचा परिणाम कमी कमी होत जातो, हे या आकड्यांतून उघड दिसते. दुसरी गोष्ट त्याहून अनपेक्षित होती. गाद्या दालनात कुठे ठेवल्या, नळी कुठे वाजवली, ऐकणारा कुठे बसला, यांनी निनादाच्या काळात फारसा फरक पडत नव्हता. महत्त्व होते ते एकूण किती, याला.

एका उन्हाळ्यात मोजणीत बारीक विसंगती दिसू लागली. कारण शोधता शोधता सेबाइन स्वतःच्या अंगावरच्या कपड्यांपाशी आले. ऋतूप्रमाणे कपडे पातळ-जाड होत होते आणि मोठ्या दालनात एका माणसाच्या कोटातला फरकही आकड्यांत उतरत होता. त्यांनी तीन हजारांहून अधिक निरीक्षणे सरळ फेकून दिली आणि काम नव्याने सुरू केले. त्यानंतर दर वेळी तेच कपडे: निळा हिवाळी कोट, तीच जाकीट, तीच विजार, तेच बूट. उन्हाळा असला तरी. हा विक्षिपणा नव्हता. तो माणूस स्वतःही त्या खोलीतली एक गादीच होता आणि ती गादी रोज सारखी असणे गरजेचे होते.

दोन-तीन वर्षे अशी गेली. सेबाइन यांना अजून मोजायचे होते. एलियट यांना दालन वापरायला हवे होते. हातात आहे त्या माहितीवर काम आटपावे, असा तगादा कुलप्रमुखांनी लावला. अखेर फॉगच्या भिंतींवर नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या जाड केसाळ कापडाचे, पट्टे बसवण्यात आले. दालन अप्रतिम झाले नाही, पण व्याख्यान ऐकू येऊ लागले. हिशेब करून भिंतीवर लावलेले ध्वनिशोषक पॅनेल म्हणायचे तर ते हेच.

१८९८ मध्ये बॉस्टनमध्ये वाद्यवृंदासाठी नवे सभागृह बांधायचे ठरत होते. पैसा उभा करणारे हेन्री ली हिगिन्सन यांना एलियट यांनी सेबाइन यांचे नाव सुचवले. सेबाइन कचरले. एक दालन दुरुस्त करणे वेगळे आणि अजून बांधलेच नाही अशा सभागृहाचा आवाज कागदावर सांगणे वेगळे. त्यांच्याकडे वह्या भरून आकडे होते, सूत्र नव्हते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेरीस एका संध्याकाळी घरी आकडे मांडून बसलेले असताना त्यांच्या लक्षात आले की निनादाचा काळ आणि शोषण यांचा आलेख अतिपरवलय आहे. ते ओरडतच शेजारच्या खोलीत आईकडे गेले आणि ती बातमी तिला सांगितली, अशी हकीगत त्यांच्या चरित्रात येते. दुसऱ्या कोणाला त्यातले काय कळणार होते, हा प्रश्नच आहे. पण आईला मुलाचा चेहरा कळला असणार.

अर्थ सोपा होता. रिकामे दालनही थोडे शोषण करतेच. भिंती, बाक, फटी मिळून. फॉगमध्ये ते सुमारे दीडशे मीटर गाद्यांएवढे निघाले. या शोषणात आणलेल्या गाद्यांचे शोषण मिळवायचे आणि त्या बेरजेला निनादाच्या काळाने गुणायचे. गुणाकार कायम तोच येतो. तो कायम आकडा खोलीच्या घनफळावर ठरतो. आजच्या रूपात सांगायचे तर खोलीचे घनमीटरमधले घनफळ घ्यावे, ०.१६१ ने गुणावे आणि एकूण शोषणाने भागावे. आलेले उत्तर म्हणजे आवाज दहा लाखांश होईपर्यंत लागणारे सेकंद.

शोषण गाद्यांच्या मीटरमध्ये मोजणे पुढे सेबाइन यांनी सोडले, कारण सँडर्सच्या गाद्या जगभर कुठे मिळणार? त्यांनी सगळ्यांना समजेल असे माप निवडले: उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून तिचे शोषण पूर्ण, म्हणजे एक. भिंतीला लावलेल्या नमद्याचा एक चौरस मीटर अर्ध्या चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळत असेल तर त्याचा गुणांक ०.५. शोषणाच्या एककाला नंतर त्यांच्याच नावावरून सेबिन म्हणू लागले. रायगडाची राजसभा या मापाने पाहिली तर वर २२० फूट गुणिले १२४ फुटांची एकच प्रचंड उघडी खिडकी आहे. आकाशाकडे गेलेला आवाज परत येत नाही, शेपटी रेंगाळत नाही. भिंतींवरून चटकन परतणारा तेवढाच आवाज मूळ शब्दाला आधार देतो.

सूत्र हाती आल्यावर सेबाइन यांनी बॉस्टनचे काम स्वीकारले. वास्तुकार चार्ल्स मॅकिम यांचा आधीचा विचार ग्रीक पद्धतीच्या अर्धवर्तुळाकार प्रेक्षागृहाचा होता. तो बाजूला पडला आणि जर्मनीतल्या लाइप्झिगच्या गेवांडहाउसच्या धर्तीवर लांबट, चपलांच्या खोक्यासारखा आकार ठरला. लाइप्झिगपेक्षा खुर्च्या कितीतरी जास्त हव्या होत्या. सगळी मापे तेवढ्याच प्रमाणात वाढवली असती तर सभागृह घुमले असते, म्हणून सेबाइन यांनी उंची, लांबी, गॅलऱ्या यांचा हिशेब स्वतंत्रपणे केला. भिंतींतले कोनाडे, त्यांत ठेवलेले ग्रीक-रोमन पुतळ्यांचे नमुने आणि छतातले खोलगट चौकोन ही सजावटच. पण ती आवाज विखुरते. सपाट भिंत आवाज आरशासारखा एकाच दिशेला फेकते, खडबडीत भिंत तो चहूकडे पसरवते. शोभा आणि ध्वनी यांचे भांडण असलेच पाहिजे असे नाही.

१५ ऑक्टोबर १९०० रोजी बॉस्टन सिंफनी हॉल खुला झाला. ध्वनीच्या गणितावर आधारून बांधलेले जगातले पहिले सभागृह म्हणून ते ओळखले जाते. सुरुवातीला मात्र सगळे खूश नव्हते. काही समीक्षकांनी आवाजाला नावे ठेवली. हिशेबातही चूक होती. श्रोत्यांनी भरलेल्या सभागृहाचा निनाद सेबाइन यांनी २.३१ सेकंद धरला होता, नंतरच्या उपकरणांनी तो दोन सेकंदांच्या आतच भरला. दाटीने बसलेले श्रोते त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त आवाज पितात. गंमत अशी की वाद्यवृंदासाठी हा कमी आकडाच योग्य ठरला. जगातल्या सर्वोत्तम सभागृहांच्या यादीत बॉस्टनचे नाव आजही पहिल्या काहींत असते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेबाइन यांचे लग्न झाले होते. पत्नी जेन केली या डॉक्टर होत्या. पुढे दोन मुली झाल्या.

संगीत ऐकण्याच्या घरगुती खोलीशी थेट नाते सांगणारे त्यांचे काम मात्र यानंतरचे, १९०२ चे. बॉस्टनच्या संगीत महाविद्यालयात पियानो शिकवण्याच्या छोट्या खोल्या होत्या. कोणती खोली कानाला बरी वाटते हे आवडीनिवडीवर अवलंबून आहे, की संगीतकारांचे त्यावर एकमत होते? सेबाइन यांनी जाणकार संगीतकारांची एक समिती बसवली आणि वेगवेगळ्या आकारांच्या पाच खोल्यांत पियानो वाजवून घेतला. पुन्हा गाद्या आल्या. थोड्या आणायच्या, ऐकायचे. घुमते असे म्हटले की आणखी आणायच्या. आवाज मेल्यासारखा वाटला की काही बाहेर न्यायच्या. समितीने समाधान सांगितल्यावर सेबाइन यांनी प्रत्येक खोलीचा निनाद काढला. सरासरी १.०८ सेकंद आली आणि पाचही खोल्यांचे आकडे तिच्या अगदी जवळ होते. कानांना आकडा माहीत नव्हता, पण त्यांनी तोच निवडला होता.

हे पियानो वाजवण्याच्या खोल्यांचे झाले. स्पीकरवर ऐकायचे असेल तर निनाद आणखी कमी हवा, अर्ध्या सेकंदाच्या आसपास, कारण ध्वनिमुद्रणात मूळ सभागृहाचा निनाद आधीच आलेला असतो. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली घेऊ. घनफळ ६० घनमीटर. सहाही बाजूंचे क्षेत्रफळ ९४ चौरस मीटर. सगळीकडे प्लास्टर आणि फरशी धरली तर दर चौरस मीटरला शोषण जेमतेम ०.०३. एकूण २.८. सेबाइन यांच्या सूत्राने निनाद सुमारे साडेतीन सेकंद. आता भिंतींवर दहा चौरस मीटर चांगली पॅनेल लावली, गुणांक ०.८ ची. एकूण शोषण साडेदहा होते आणि निनाद एका सेकंदाच्या आत येतो. सोफा, जाड सतरंजी, चुण्यांचा पडदा, दोन-चार माणसे आली की तो अर्ध्या सेकंदाकडे सरकतो. सगळ्या भिंती मढवण्याची गरज पडत नाही. मढवल्या तर खोली कानाला कोंदट वाटते आणि गाणाऱ्याचा गळा सुकल्यासारखा ऐकू येतो.

जुन्या घरांत हा प्रश्नच नव्हता. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर शेणामातीचा गिलावा, कौलांखालची फट, माळ्यावरचा पेंढा, दांडीवर टाकलेल्या गोधड्या. सेबाइन यांच्या भाषेत बोलायचे तर घरभर गाद्या आणि उघड्या खिडक्या होत्या.

पॅनेल विकत घेताना नक्षी डोळ्यांत भरते, पण काम करतो तो मागचा थर. लाकडी पट्ट्यांच्या पॅनेलमध्ये पट्ट्यांमधून आवाज आत शिरतो आणि मागच्या नमद्यात संपतो. मागे काहीच नसेल तर ती फक्त शोभा. कापडाने मढवलेल्या पॅनेलचे कापड तोंडाला लावून श्वास सोडला तर आरपार जायला हवा. चित्र छापले तरी चालते, मात्र तैलरंगाचा हात दिला की छिद्रे बुजतात. जाडीलाही अर्थ आहे. हजार कंपनांच्या आवाजाची लहर ३४ सेंटिमीटर लांब असते, शंभर कंपनांची जवळजवळ साडेतीन मीटर. बोटभर जाडीचा फोम टाळीचा खळखळाट कमी करतो, पण ढोलकीच्या धुमेवर, मृदंगाच्या डाव्या पुडीच्या घुमाऱ्यावर त्याचा परिणाम होत नाही. त्यासाठी जाड थर हवा, किंवा पॅनेल आणि भिंत यांत काही इंच पोकळी. अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला तर विसरूनच जावा. आणि पॅनेल लावल्याने शेजारच्या मांडवातला लाउडस्पीकर घरात यायचा थांबत नाही. बाहेरचा आवाज अडवायला जड भिंत आणि फट नसलेली दारे-खिडक्या लागतात. ते शास्त्र वेगळे.

एक सावधगिरी मात्र जिवाशी संबंधित आहे. स्वस्त पॉलियुरेथेन फोम पेट घेतो आणि विषारी धूर सोडतो. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एका नाइटक्लबच्या भिंतींवर असाच फोम होता. फटाक्याच्या ठिणग्यांनी तो पेटला आणि शंभर माणसे मेली. रॉकवूल किंवा काचतंतूचा, जळण्यास विरोध करणारा म्हणून तपासलेला माल घेणे आणि तो देवघरातल्या समईपासून, विजेच्या उघड्या जोडण्यांपासून दूर ठेवणे, यात काटकसर करू नये.

हा केवळ हौसेचा मामला नाही. बोलण्यात स्वर मोठे असतात आणि लांबतात. प, त, क यांसारखी व्यंजने क्षणभराची आणि हलकी. घुमणाऱ्या खोलीत आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर पडते. ‘पाट’, ‘ताट’, ‘काठ’ सगळे सारखेच ऐकू येते. तरुण कान अंदाजाने गाळलेली जागा भरतो. वाढत्या वयात वरच्या पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येऊ लागतात आणि व्यंजने तिथेच असतात, म्हणून ज्येष्ठांना आवाज येतो पण शब्द लागत नाही. श्रवणयंत्र लावले तरी ते घुमण्यालाही मोठे करते. अशा वेळी घरच्यांनी ओरडून बोलण्याने उलट निनादच वाढतो. जवळ जाऊन सावकाश बोलणे आणि बसायच्या खोलीत मऊपणा वाढवणे अधिक उपयोगी. शाळेच्या वर्गाचेही तेच. लहान मुलांचा शब्दसंग्रह तोकडा, गाळलेली जागा त्यांना भरता येत नाही. अमेरिकेतील मानकाने नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गात निनाद ०.६ सेकंदांपेक्षा जास्त नसावा असे ठरवले आहे. चार उघड्या भिंती आणि पत्र्याच्या छताच्या वर्गात बाई दिवसभर आवाज चढवून बोलतात, तेव्हा मुलांच्या कानांइतकाच बाईंचा घसाही पणाला लागलेला असतो. मागच्या भिंतीवर जाड, सच्छिद्र सूचनाफलक लावणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

सेबाइन यांना हे सगळे उद्योगाच्या रूपात येताना थोडेफार पाहता आले. घुमट बांधण्यात नावाजलेले राफाएल ग्वास्ताविनो यांच्याबरोबर त्यांनी आवाज शोषणारी भाजलेली सच्छिद्र कौले तयार केली. न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस चर्चमध्ये ती बसवली गेली; दगडासारखी दिसणारी, पण आवाज गिळणारी. त्यानंतरचे त्यांचे अकूस्टोलिथ हे कौल अमेरिकेत अनेक इमारतींत वापरले गेले. नाट्यगृहांचे छोटे नमुने करून त्यांत ठिणगीने आवाजाची लहर निर्माण करायची आणि तिचा फोटो काढायचा, ही पद्धतही त्यांनी वापरली. हार्वर्डमध्ये ते अधिष्ठाता झाले, १९१४ मध्ये मानाच्या हॉलिस प्राध्यापकपदावर गेले. लेख मात्र मोजकेच लिहिले. आकडा पुरता खात्रीचा झाल्याशिवाय छापायचा नाही, हा हट्ट शेवटपर्यंत राहिला आणि त्यामुळे पुष्कळ काम वह्यांतच राहून गेले.

पहिल्या महायुद्धात ते युरोपात गेले, मदतकार्यात सहभागी झाले, पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठात व्याख्याने दिली. तिथेच त्यांना मूत्रपिंडाच्या विकाराने गाठले. आजार गंभीर होता. बरे वाटू लागताच ते पुन्हा कामाला लागले, आघाडीवरच्या विमानांची पाहणी केली आणि अमेरिकेत परतल्यावर विमाननिर्मितीच्या सरकारी कामात शिरले. आठवड्यातले काही दिवस वॉशिंग्टन, काही दिवस हार्वर्डमधले वर्ग, मधल्या रात्री रेल्वेत. शस्त्रक्रिया आवश्यक असल्याचे माहीत होते. घरात डॉक्टर होती. तरी युद्धाचे काम संपेपर्यंत ती पुढे ढकलली गेली. मूत्रपिंडाचा संसर्ग वाट पाहत नाही, आणि तेव्हा प्रतिजैविके नव्हती. युद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबले. शस्त्रक्रिया झाली तोवर उशीर झाला होता. १० जानेवारी १९१९ रोजी सेबाइन गेले. वय अवघे पन्नास. ज्या माणसाने एका कोटाचा फरक सापडला म्हणून तीन हजार निरीक्षणे टाकून दिली, त्याने स्वतःच्या दुखण्याची नोंद मात्र बाजूला ठेवली.

इलिनॉय राज्यात जिनीव्हा गावी जॉर्ज फेबियन नावाच्या धनिकाने सेबाइन यांच्यासाठी ध्वनीची खास प्रयोगशाळा बांधून घेतली होती. ट्रामचा खडखडाट नाही, जाड भिंती, रात्रीची वाट पाहायची गरज नाही. ती तयार झाली आणि ते गेले. त्यांचे दूरचे नातलग पॉल सेबाइन यांनी ती सांभाळली आणि पुढे कित्येक बांधकाम साहित्यांचे शोषण-गुणांक तिथेच मोजले गेले. सेबाइन यांचे लेख १९२२ मध्ये एकत्र छापले गेले.

फॉगचे ते दालन १९७० च्या दशकात पाडण्यात आले. त्या जागी विद्यार्थ्यांचे वसतिगृह आहे. सँडर्स थिएटर अजून उभे आहे आणि तिथे कार्यक्रम होतात.